झाडपाला की गोळी? एका प्रश्नावलीची तपासणी

गेल्या भाद्रपदात हरसूल भागातल्या एका शाळेत विद्यार्थ्यांच्या विज्ञान-प्रकल्पांच्या वह्या चाळण्याचा योग आला. त्र्यंबकेश्वर तालुक्याचा हा पश्चिमेकडचा डोंगराळ पट्टा. पावसाळ्यात नागली-वरईची शेते आणि मधूनमधून भाताची खाचरे हिरवीगार असतात, आणि बांधावरच्या कुंपणात कळलावीची लाल-पिवळी फुले पेटल्यासारखी दिसतात. वह्यांच्या गठ्ठ्यात एका वहीने आमचे लक्ष वेधले. नववीतल्या एका मुलीचा प्रकल्प होता आणि विषय होता ‘वनौषधी व रासायनिक औषधे : जनजागृतीचा अभ्यास’. मुलगी खरोखर पाड्यावर घरोघर हिंडली होती. अक्षर नेटके, रंगीत पेन्सिलीने काढलेला वर्तुळालेख त्याहून नेटका. शेवटच्या पानावर निष्कर्ष लिहिला होता : या भागातील लोकांत वनौषधींविषयी पुरेशी जागृती नाही, ती वाढवली पाहिजे.

आम्ही थबकलो. ज्या पाड्यावरच्या मुलांना कोणता पाला गुरांना सोसतो आणि कोणता नाही हे शाळेत येण्यापूर्वी ठाऊक असते, तिथे वनस्पतींविषयी जागृती नाही? मुलीने खोटे लिहिले नव्हते. तिने आकडे नीट मोजले होते आणि टक्केवारीही बरोबर काढली होती. तेव्हा चूक असलीच तर ती मोजण्याच्या साधनात असली पाहिजे, असे वाटून आम्ही मूळ प्रश्नावली मागून घेतली. ती तिने स्वतः तयार केलेली नव्हती. कुठल्याशा तयार नमुन्यावरून ती फळ्यावर उतरवली गेली होती, आणि असे नमुने आम्ही नाशिक-पुण्याच्या शाळांतही पाहिले आहेत. म्हणून हे परीक्षण त्या मुलीचे नाही, तिच्या गुरुजींचेही नाही. ते प्रश्नावलीचे आहे.

पहिला प्रश्न : आजारी पडल्यावर आपण कोणती औषधे पसंत करता? (अ) वनौषधी (ब) रासायनिक (क) दोन्ही (ड) सांगता येत नाही. दुसरा : वनौषधींचे दुष्परिणाम नसतात हे आपणांस माहीत आहे काय? होय किंवा नाही. तिसरा : रासायनिक औषधे शरीरास हानिकारक असतात हे आपणांस माहीत आहे काय? पुढे किमतीविषयी एक, जाहिरातींविषयी एक आणि शेवटी परिसरातील पाच औषधी वनस्पतींची नावे सांगा असा एक प्रश्न. हा शेवटचा सोडला तर बाकी सगळे प्रश्न एकाच साच्यातले.

दुसरा प्रश्न पुन्हा वाचावा. त्यात माहिती विचारलेली नाही. आधी एक विधान खरे मानून घेतले आहे आणि ते तुम्हाला मान्य आहे का, एवढेच विचारले आहे. जो ‘होय’ म्हणेल तो जागृत. जो म्हणेल, ‘अहो, बिब्ब्याने अंग उतते, धोतऱ्याने माणूस बरळतो’, त्याची खूण मात्र ‘नाही’समोर पडणार आणि तो अजागृतांत मोजला जाणार. म्हणजे ज्याला वनस्पती जास्त ठाऊक, तोच या कसोटीत नापास. वर्तुळालेखात अज्ञानाचा म्हणून रंगवलेला तुकडा कदाचित ज्ञानाचा असू शकतो. गणित बरोबर आणि अर्थ उलटा, असे विज्ञानाच्या वहीत घडू शकते हे विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मुलीने एका फॉर्मच्या समासात पेन्सिलीने काहीतरी लिहून ठेवले होते. एका म्हाताऱ्या आजींनी पहिल्या प्रश्नावर तिलाच उलट विचारले होते, ‘कोणच्या दुखण्याला?’ चार पर्यायांत हे उत्तर बसत नव्हते. म्हणून मुलीने (ड) सांगता येत नाही, यावर खूण केली. मात्र आजींचे शब्द तिने समासात टिपून ठेवले, याबद्दल आम्हांला तिचे फार कौतुक वाटले. आमच्या मते सगळ्या वहीतले हे सर्वांत शास्त्रीय वाक्य आहे.

कारण दुखणे कोणते हे ठरल्याशिवाय औषधाची निवड होतच नाही. हरसूलसारख्या भागात पावसाळ्यात सर्पदंश ही रोजची भीती असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर चालणारी प्रतिविषाची लस हाफकिनमध्ये तयार होते. घोड्याला थोडेथोडे विष टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात आणि रक्तद्रवातून ती वेगळी काढतात. आता सांगा, हे औषध वनौषधी की रासायनिक? दोन्ही नाही. पेनिसिलिन मुळात बुरशीतून मिळाले, ॲलेक्झांडर फ्लेमिंगने १९२८ साली ते ओळखले. आजचे इन्शुलिन जीवाणूंकडून किंवा किण्वाकडून बनवून घेतात. मेट्रोनिडॅझोल ही आवेवरची गोळी कारखान्यातली खरी, पण तिची कल्पना जमिनीतल्या एका सूक्ष्मजीवाने बनवलेल्या द्रव्यावरून सुचली. प्रश्नावलीच्या दोन रकान्यांत यांतले कोणतेच धड बसत नाही. आणि साप चावलेल्या घरात ‘वनौषधी बऱ्या, रासायनिक वाईट’ हे वाक्य कोणी मनापासून मानले असेल, तर मुळी उगाळण्यात जो तास-दीड तास जातो तो परत मिळत नाही. मण्यारीच्या दंशात तर जागी सूजही फारशी नसते. माणूस झोपतो, आणि श्वासाचे स्नायू लुळे पडत जातात. कुठल्याही मुळीने सापाचे विष उतरल्याचा भरवशाचा पुरावा आजवर मिळालेला नाही. हरसूलला ग्रामीण रुग्णालय आहे. अशा वेळी रस्ता तिकडेच धरला पाहिजे.

‘रासायनिक’ या शब्दाची गोष्ट तर शिक्षकांना नव्याने सांगायला नको. १८२८ साली व्होलरने अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला, हे रसायनशास्त्राच्या इतिहासात आपण शिकवतो. सजीवांत तयार होणारी द्रव्ये प्रयोगशाळेत होऊच शकत नाहीत, त्यांना काही वेगळी ‘जीवनशक्ती’ लागते, या समजाला तिथून तडा गेला. युरिया मूत्रातला असो की नळीतला, रेणू तोच. विद्यार्थी हे पाठ करतात, परीक्षेत लिहितात, आणि घरी जाऊन आईला सांगतात की गोळीत केमिकल असते, काढ्यात नसते. आपल्या शिकवण्यात कुठेतरी भिंत उभी आहे. रसायनशास्त्र तिच्या अलीकडे आणि औषधांची पिशवी पलीकडे.

आता दुष्परिणाम. हरसूलच्या बांधावरच्या त्या देखण्या कळलावीपासूनच सुरुवात करू. हिच्या कंदाला संस्कृतात लांगली म्हणतात. मराठी नाव स्वतःच बोलके आहे. कळा लावणारी म्हणून कळलावी. बाळंतपणात तिचा वापर होत असे. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन नावाचे अल्कलॉइड असते. गाऊट या सांध्यांच्या दुखण्यावर कोल्चिसिन आधुनिक वैद्यकातही वापरतात, पण किती? गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. कंदाच्या तुकड्यात कोल्चिसिन किती आहे हे डोळ्यांना कळत नाही. कंद कोणत्या जमिनीतला, केव्हा खणलेला, ताजा की वाळलेला, यावर ते बदलते. चुकून रताळे किंवा दुसरा कंद समजून कळलावी खाल्ल्याने उलट्या, जुलाब आणि पुढे अवयव निकामी होऊन माणसे दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

यात आयुर्वेदाची निंदा नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. उलट ‘वनौषधींचे दुष्परिणाम नसतात’ हे वाक्य आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत कुठे सापडायचे नाही. नीट न जाणता दिलेले औषध विषासारखे ठरते, असे चरकसंहिता बजावते. बिब्बा, बचनाग, गुंज यांची ‘शुद्धी’ करण्याचे विधी सांगितले आहेत, ते ही द्रव्ये घातक आहेत हे ठाऊक होते म्हणूनच. आपल्या देशाच्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखालील नियमांतही ‘अनुसूची ई-१’ अशी एक यादी आहे. तीत धोतरा, बिब्बा, गुंज, कण्हेर, रुई, बचनाग, कुचला आणि आपली लांगलीही आहे. ही द्रव्ये असलेल्या आयुर्वेदिक औषधांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे’ अशा अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. म्हणजे ग्रंथ सावध, कायदा सावध, आणि शाळेची प्रश्नावली तेवढी निर्धास्त!

कोणी म्हणेल, ही विषारी झाडांची उदाहरणे झाली. तुळस, आले, गुळवेल यांचे काय? यांतली गुळवेल आपण जरा सविस्तर पाहू, कारण तिची कहाणी अलीकडची आहे, महाराष्ट्रातली आहे आणि तिच्यात दोन्ही बाजूंनी घाई झालेली दिसते.

गुळवेल हरसूलच्या रानात आंब्यावर, मोहावर, कडुनिंबावर चढलेली असते. तिच्यावर पद्धतशीर काम झाले तेही आपल्याच राज्यात. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०-९० च्या दशकांत गुळवेलीचा रोगप्रतिकारक्षमतेवर काय परिणाम होतो हे प्राण्यांवर आणि नंतर रुग्णांवर तपासले. पित्तमार्ग तुंबून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेल दिली असता काय फरक पडतो, याचा त्यांच्या गटाचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला आणि निष्कर्ष आशादायक होते. लक्षात घ्या, ठरावीक रुग्ण, ठरावीक मात्रा, ठरावीक मुदत, आणि तुलनेसाठी गुळवेल न दिलेले रुग्ण. असे काम करायला चिकाटी लागते आणि ते वाचायलाही थोडी लागते.

पुढे २०२० साली कोविडची साथ आली. घरोघर काढे उकळू लागले. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा मंत्र झाला आणि गुळवेलीला एकाएकी सोन्याचे दिवस आले. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या कातकरी तरुणांच्या वनधन केंद्राला औषध कंपन्यांकडून १ कोटी ५७ लाख रुपयांच्या गुळवेलीची मागणी मिळाली. रानातल्या वेलीचे पैसे रानातल्या माणसांना मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट. दुसरीकडे त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना सहा रुग्णांत एकसारखे चित्र दिसले. कावीळ, यकृताला सूज, विषाणूजन्य काविळीच्या तपासण्या नकारात्मक, आणि सहाही जणांनी गुळवेल घेतलेली. त्यांचा शोधनिबंध २०२१ साली आला. आयुष मंत्रालयाने लगेच हरकत घेतली की रुग्णांनी नेमके काय खाल्ले होते हे तपासलेच नाही. गुळवेलीसारखी दिसणारी तिच्याच कुळातली दुसरी वेल असू शकेल. हरकत वाजवी होती. मात्र तेवढ्यावर ‘गुळवेल सुरक्षित आहे’ असे जाहीर करून टाकणे वाजवी नव्हते. वेल ओळखण्यात लोकांची चूक होऊ शकते असे म्हणायचे, आणि तरी घरी उकळून प्यायला हरकत नाही असेही म्हणायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

२०२२ साली देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. या वेळी रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांचे रासायनिक पृथक्करणही केले होते. बऱ्याच रुग्णांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या. क्षणभर विचार केला तर यात नवल वाटायचे कारण नाही. गुळवेल प्रतिकारयंत्रणेला चेतवते हा दावा खरा असेल, तर ज्यांची ही यंत्रणा आधीच स्वतःवर उलटायच्या बेतात आहे त्यांना ती चेतवणे महाग पडू शकते. ज्या द्रव्याचा शरीरावर काही परिणाम होतो, त्याचा कोणावर तरी नको तो परिणामही होऊ शकतो. ज्याचा दुष्परिणाम कधीच नाही, त्याचा परिणामही नसावा अशी शंका घ्यायला जागा आहे.

इथे दुसऱ्या बाजूची घाईही सांगितली पाहिजे. या बातम्या आल्यावर ‘गुळवेल विषारी’ असे मथळे झळकले. ४३ हा अंश झाला. छेद कुठे आहे? त्या काळात किती लाख किंवा कोटी लोकांनी गुळवेल घेतली हे कोणीच मोजलेले नाही. त्यामुळे धोका हजारात एकाला की दहा लाखांत एकाला, हे या अभ्यासातून काढता येत नाही, आणि तो अभ्यास तसा दावाही करत नाही. त्यातून एवढेच कळते की धोका आहे, तो विशिष्ट लोकांना अधिक असावा, आणि आधी यकृताचा किंवा स्वप्रतिकाराचा विकार असलेल्यांनी गुळवेलीपासून दूर राहावे. गणिताच्या तासाला अंश-छेद शिकवताना हे उदाहरण घेता येईल.

आता याच्याशेजारी पॅरासिटामॉल ठेवा. तेही यकृत बिघडवते. प्रौढ माणसाने दिवसाकाठी ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, हे आपल्याला माहीत आहे. का माहीत आहे? पॅरासिटामॉल गुळवेलीपेक्षा वाईट आहे म्हणून नव्हे. गोळीत किती आहे ते छापलेले असते, किती घेतल्यावर काय झाले ते लोकांनी मोजले आणि टिपून ठेवले, म्हणून. गोळीच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद लांबलचक असतो, त्यावरून लोक म्हणतात, बघा किती दुष्परिणाम! चूर्णाच्या डबीवर काहीच छापलेले नसते, म्हणून म्हणतात, एकही नाही. शोधले नाही म्हणून सापडले नाही, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

शोधले म्हणजे काय होते, याचा महाराष्ट्रातला नमुना म्हणजे डॉ. रुस्तुम जाल वकील. मुंबईच्या या हृदयरोगतज्ज्ञांनी सर्पगंधेची मुळी रक्तदाबावर कशी चालते हे ५० रुग्णांवर तपासून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. त्याआधी १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याविषयी लिहिले होते, पण जगाचे लक्ष गेले ते वकिलांच्या निबंधानंतर. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले गेले आणि काही वर्षे ते जगभर रक्तदाबावरचे प्रमुख औषध होते. १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. इथपर्यंतची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पुढची सहसा सांगत नाही. काही रुग्ण या औषधाने खिन्न, उदास होतात असे दिसून आले. नाक चोंदणे, सुस्ती हे तर होतेच. पुढे अधिक सोसणारी औषधे आली आणि रेसरपिन मागे पडले. आमच्या मते हा उत्तरार्धही तितकाच अभिमानाचा आहे. भारतीय मुळीची कीर्ती तिच्या दोषांसकट तपासली गेली.

उलटही घडते. गुग्गुळाने रक्तातील कोलेस्टेरॉल उतरते, असे आपल्याकडच्या संशोधनावरून बरीच वर्षे मानले जात होते. २००३ साली अमेरिकेत झालेल्या काटेकोर चाचणीत ते उतरले नाही. ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात, ते किंचित वाढलेच. असो.

इतके वाचल्यावर काही वाचक म्हणतील, तुम्ही गोळीवाल्यांच्या बाजूचे. तसे नाही. आणि कारखान्यातल्या औषधाने काय अनर्थ होतो हे पाहायला हरसूलहून लांब जावे लागत नाही. हरसूलच्याच वनक्षेत्रात खोरीपाडा येथे गिधाडांसाठी उपाहारगृह आहे. मेलेली गुरे तिथे उघड्यावर ठेवतात आणि गिधाडे येऊन खातात. अशी पाळी का आली? भारतात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण कोणाच्या ध्यानात येईना. २००४ साली पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी ते शोधले. गुरांना वेदनाशामक म्हणून टोचलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात उरते, ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. गुडघेदुखीसाठी माणसे वर्षानुवर्षे घेतात तेच हे औषध. माणसाला सोसते, गाईला सोसते, गिधाडाला नाही. २००६ साली जनावरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली.

या गोष्टीत एक बारकावा आहे. डायक्लोफेनॅकच्या जागी कोणते औषध आले? मेलॉक्सिकॅम. तेही कारखान्यातलेच. फरक इतकाच की ते गिधाडांवर तपासून, निर्धोक दिसल्यावर सुचवले गेले. ॲसिक्लोफेनॅक हे दुसरे औषध गुरांच्या शरीरात जाऊन पुन्हा डायक्लोफेनॅकच बनते असे आढळले. म्हणून २०२३ साली त्यावर आणि किटोप्रोफेनवर जनावरांसाठी बंदी घातली गेली. दोन रासायनिक औषधांत एक मारक आणि एक तारक. तेव्हा ‘रासायनिक औषधे हानिकारक असतात हे आपणांस माहीत आहे काय?’ या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर खोरीपाड्याच्या माणसाने काय द्यावे?

प्रश्नावलीत न आलेल्या गोष्टी आम्हांला अधिक टोचल्या. लोक सुईचा आग्रह का धरतात, हे तिने विचारले नाही. गोळीने भागत असताना ‘सुई द्या, सलाईन लावा’ म्हणणारे आणि तेवढ्यासाठी पैसे मोजणारे लोक याच घरांत आहेत. सकाळी पाल्याचा रस आणि संध्याकाळी सुई, यात त्यांना विसंगती वाटत नाही. बाजारात सांधेदुखीवर ‘शुद्ध जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकटीचा प्रश्नही तिच्यात नाही. अशा काही भुकट्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे औषध निरीक्षकांच्या तपासण्यांत अनेकदा आढळले आहे. दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो आणि सहा महिन्यांत तोंड सुजते, साखर वाढते. इथे वनौषधीच्या पुडीत रासायनिक औषध बसलेले असते आणि गिऱ्हाईक पहिल्या रकान्यावर खूण करते. जाहिरातींविषयीचा प्रश्न ‘जाहिरातींमुळे जागृती होते असे वाटते का?’ असा होता. असाध्य रोग बरे करण्याच्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा १९५४ पासून आहे, आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर एका मोठ्या आयुर्वेदिक कंपनीला वर्तमानपत्रांत माफीनामे छापावे लागले. जाहिरात जागृती करते की विक्री, हे नववीतल्या मुलांना कळते. त्यांना तसे विचारले पाहिजे.

दुपारी गुरुजी, ती मुलगी आणि आम्ही असे पुन्हा त्या आजींकडे गेलो. या वेळी प्रश्नावली नव्हती, आखलेला कोरा कागद होता. दुखणे कोणते, झाड कोणते, कोणता भाग, केव्हा काढायचा, किती द्यायचा, किती दिवस, कोणाला द्यायचा नाही, असे रकाने. हे आम्ही मुलीशी बोलत बोलत ठरवले होते. ‘कोणाला द्यायचा नाही’ हा शेवटचा रकाना तिनेच सुचवला.

‘आजी, आव पडली तर?’ मुलीने विचारले. ‘कुडा,’ आजी म्हणाल्या, आणि लगेच, ‘पण पांढरा.’ मग अंगणाच्या कडेला नेऊन त्यांनी दोन झाडे दाखवली. पाने आम्हांला जवळजवळ सारखीच दिसली. आजींनी शेंगा दाखवल्या. काळ्या कुड्याच्या शेंगांच्या जोडीची टोके एकमेकांना चिकटलेली, पांढऱ्याच्या दोन्ही शेंगा सुट्या लोंबणाऱ्या. पांढऱ्याचे बी कडू, काळ्याचे गोडसर. आवेवरचे कोनेसिन असते ते पांढऱ्या कुड्यात. काळा कुडा वनस्पतिशास्त्रात अगदी वेगळ्या प्रजातीत येतो आणि बाजारात पांढऱ्याच्या सालीत काळ्याची साल मिसळली जाते, ही औषधशास्त्राच्या पुस्तकांतली जुनी तक्रार आहे. गुळवेलीच्या वादात मंत्रालय आणि डॉक्टर ज्या मुद्द्यावर अडले होते, तो मुद्दा, म्हणजे वेल नक्की कोणती, आजींनी पहिल्याच वाक्यात निकालात काढला होता.

आजींचे सगळे बरोबर असेल असे नाही. साल किती द्यायची हे त्यांनी बोटाच्या पेरांनी सांगितले आणि ते प्रमाण योग्य की अयोग्य हे आम्हांला ठरवता येणार नाही. साल अमुकच वारी काढायची, हेही त्यांनी सांगितले. मुलीने तेही लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह घातले. ‘कोणाला द्यायचा नाही’ या रकान्यात गरोदर बाई आणि अंगावरचे मूल अशी नोंद झाली. ‘किती दिवस’ या रकान्याशी आजी थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, ‘दोन दिस. नाही थांबलं तर दवाखाना. रगत दिसलं तर पयल्याच दिशी.’

परतताना गुरुजींना एक अडचण सुचली. तालुक्याच्या प्रदर्शनात प्रकल्पाला आलेख लागतो, आणि या नव्या तक्त्यातून वर्तुळालेख काढता येत नाही. मुलीचे म्हणणे, आधीचा वर्तुळालेख राहू द्यावा, फक्त त्याखाली दुसरा प्रश्न जसाच्या तसा लिहून काढावा आणि बघणाऱ्यांना त्यात काय चुकले ते विचारावे. गुरुजींनी अजून होकार दिलेला नाही.